कुंपणाच्या अलीकडून

मोटारशर्यतीच्या छायाचित्रणाविषयी बोलताना पहिला प्रश्न बहुधा लेन्सचा निघतो. माझ्या मते तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाने तो थोडा मागे ठेवावा आणि आधी जागेचा विचार करावा, कारण ट्रॅकपासूनचे अंतर आणि मधली जाळी त्याला हलवता येत नाही. हलता येते ते त्याला स्वतःलाच. ही जाळी उगीच आलेली नाही. ११ जून १९५५ रोजी फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत एका मर्सिडीजचे तुकडे गर्दीत घुसून ८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. जाळीला नावे ठेवताना एवढे ध्यानात असू द्यावे.

जाळीच्या जवळ जाता येत असेल, तर लेन्स तिला शक्य तितकी टेकवावी, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र, पूर्ण उघडावे आणि गाडी जाळीपासून बरीच दूर असतानाच चित्र घ्यावे. मग तारा इतक्या धूसर होतात की चित्राचा उठाव किंचित उतरण्यापलीकडे त्यांचा मागमूस राहत नाही. उन्हात चमकणारी जाळी मात्र अशी विरघळत नाही, म्हणून तिचा सावलीतला भाग शोधावा. जवळ जाऊ देत नसतील, तर उतारावर चढून जाळीच्या वरून पाहावे. बेल्जियममधल्या स्पा-फ्रँकोरशाँसारख्या डोंगराळ सर्किटवर अशा जागा मिळतात.

आता वेगाचे पाहू. ताशी ३०० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाच्या हजाराव्या भागात सुमारे ८ सेंटिमीटर सरकते, त्यामुळे शटरचा वेग वाढवावा, म्हणजे ते आणखी कमी वेळ उघडे ठेवावे, असे कुणालाही वाटेल. पण ताशी १०० किलोमीटर वेगाने वळणातून जाणाऱ्या गाडीचे चाक तेवढ्या अवधीत जेमतेम ५ अंश फिरते, आणि चित्रात गाडी उभी केल्यासारखी दिसते. तेच शटर १/६० सेकंदावर ठेवले, तर चाक ७५ अंशांच्या आसपास फिरते, आरे पुसले जातात आणि गाडी धावू लागते. अर्थात त्यासाठी कॅमेरा गाडीबरोबर फिरवावा लागतो, म्हणजे पॅनिंग करावे लागते. पाय रोवून कंबरेतून वळावे, गाडी समोर येण्याच्या बऱ्याच आधी तिला दृश्यचौकटीत धरावे आणि बटण दाबल्यावरही हात थांबवू नये. सुरुवात १/२५० पासून करून हळूहळू खाली उतरणे बरे.

इथे एक पेच आहे, आणि तो प्रेक्षकालाच अधिक छळतो. भर दुपारी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, १०० इतकी कमी ठेवूनही १/६० सेकंद साधायचे, तर अ‍ॅपर्चर एफ/२२ पर्यंत, म्हणजे अगदी बारीक होईतो, मिटवावे लागते. तसे केले की नाहीशी झालेली जाळी पुन्हा उमटू लागते, शिवाय विवर्तनाने, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने, चित्राची धारही बोथट होते. प्रकाश अडवणारा एनडी फिल्टर लावून अ‍ॅपर्चर उघडे ठेवणे, हाच त्यावरचा चांगला तोडगा. महागड्या लेन्सपेक्षा मी या फिल्टरची शिफारस आधी करेन.

सरळ रस्त्याच्या कडेने पॅनिंग करताना गाडी आपल्या दृष्टीने सतत कोन बदलत असते, त्यामुळे नाक स्पष्ट आणि शेपूट पुसट असे होते. एकसारख्या गोलाईच्या वळणाच्या आतल्या बाजूला, त्या वर्तुळाच्या केंद्राकडे उभे राहिल्यास गाडीचे अंतर आणि कोन दोन्ही जवळपास स्थिर राहतात, आणि ती सबंध स्पष्ट येण्याची शक्यता पुष्कळ वाढते. नकाशावर अशी वळणे आधीच हेरून ठेवता येतात.

झाक-आंरी लार्तिग या फ्रेंच तरुणाने १९१० च्या दशकाच्या सुरुवातीला टिपलेले शर्यतीचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात गाडीचे चाक लंबगोल होऊन पुढे झुकले आहे आणि मागचे प्रेक्षक उलट दिशेला कलले आहेत. शटरची फट चित्र उमटणाऱ्या काचेवरून सरकत असताना कॅमेरा फिरत होता, पण गाडीपेक्षा हळू. म्हणून दोन्हीकडे कल आला. आजचे बहुतेक इलेक्ट्रॉनिक शटरही संवेदकावरची माहिती ओळीओळीने वाचते, आणि ते वाचन संथ असेल तर पॅनिंगमध्ये मागचे खांब तसेच तिरके होतात. लार्तिगच्या चित्रात तो कल शोभतो. आपल्याला नको असेल, तर यांत्रिक शटर निवडावे.

हे सारे सरावाच्या सत्रांतच करून पाहावे. तेव्हा गर्दी कमी असते, जागा बदलता येते, आणि तीच गाडी पुन्हा पुन्हा त्याच वळणावर येत असल्याने शटरचा प्रत्येक वेग तपासायला सवड मिळते.