फावड्याचा सेनापती

[पडद्यावर: समुद्र, उसाचे मळे, मॉरिशसचा किनारा]

मॉरिशसमध्ये आजही मराठी माणसं गणपती बसवतात. त्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर राबायला गेले होते. पण ज्या बेटावर ते उतरले, त्याचं नाव आलं कुठून? 1598 साली डच जहाजं तिथं नांगर टाकून उभी राहिली आणि खलाशांनी बेटाला आपल्या सरदाराचं नाव देऊन टाकलं. मॉरिट्स. नासाऊचा मॉरिट्स. त्यानं ते बेट कधी पाहिलंसुद्धा नाही.

[पडद्यावर: डेल्फ्ट, जिना, भिंतीतली गोळ्यांची भोकं]

10 जुलै 1584. डेल्फ्ट शहरातल्या वाड्यात जेवण उरकून ऑरेंजचा विल्यम बाहेर पडला आणि जिन्यापाशी एका मारेकऱ्यानं त्याला गोळ्या घातल्या. स्पेनच्या बादशाहीविरुद्ध उठलेल्या नेदरलँड्सचा हा नेता. त्याच्या डोक्यावर स्पेनच्या राजानं इनाम लावलं होतं. थोरला मुलगा कितीतरी वर्षं स्पेनच्या ताब्यात. हाताशी होता तो धाकटा, मॉरिट्स. वय वर्षं सोळा, लायडनच्या विद्यापीठात शिकणारा, अबोल, गणितात रमणारा पोरगा.

पुढच्याच वर्षी त्याला हॉलंड आणि झीलंड प्रांतांचा स्टॅटहाउडर, म्हणजे प्रांतप्रमुख केलं गेलं. मागे उभा होता योहान फान ओल्डेनबार्नेव्हेल्ट. वकील, मुरब्बी राजकारणी, बापाच्या वयाचा. खजिना आणि मुत्सद्देगिरी त्याच्याकडे, फौज मॉरिट्सकडे. ही जोडी तीसेक वर्षं टिकली. कशी तुटली, ते पुढे येईलच.

[पडद्यावर: हिवाळ्यातला कालवा, जळणानं भरलेली होडी]

आधी ब्रेडा. 1590 चा फेब्रुवारी संपत आलेला, थंडी मरणाची. तिकडे दलदलीतली माती विटांसारखी कापून वाळवतात आणि चुलीत जाळतात. तिला पीट म्हणतात. आपल्या गोवऱ्यांसारखंच गरिबाचं जळण. स्पेनच्या ताब्यातल्या ब्रेडा शहराच्या किल्ल्याला हे जळण पुरवणारी एक होडी होती आणि ती नेहमीची असल्यामुळे कुणी नीट तपासत नसे. नावाड्यानं ही गोष्ट मॉरिट्सच्या कानावर घातली.

वर पीटचा ढीग, खाली फळ्यांच्या आड सुमारे सत्तर सैनिक. आडवं पडावं इतकीही जागा नाही. वारा उलटा, पाण्यात बर्फ. एका रात्रीचं काम कित्येक दिवस लांबलं. तळातून पाणी झिरपायला लागलं, माणसं गुडघाभर गारठ्यात. सर्दी-खोकला सुरू झाला. असं सांगतात की एका सैनिकाला खोकला आवरेना, तेव्हा त्यानं खंजीर पुढे केला आणि म्हणाला, मारा मला, नाहीतर सगळे सापडाल. नावाड्यानं पाणी उपसायचा पंप जोरजोरात चालवून तो आवाज बुडवला.

शेवटी बर्फात अडकलेली ती होडी किल्ल्यातल्याच सैनिकांनी ओढून आत घेतली. थंडीनं कुडकुडत होते बिचारे, जळण हवं होतं! ढीग उपसत उपसत ते फळ्यांपर्यंत येणार, एवढ्यात नावाडी म्हणाला, आता दमलो, उरलेलं उद्या. त्या रात्री, 4 मार्चला उजाडायच्या आत, किल्ला पडला. बाहेर मॉरिट्स फौज घेऊन थांबलाच होता.

[पडद्यावर: कवायतीची जुनी कोरीव चित्रं]

युक्तीनं एखादा किल्ला मिळतो, मुलूख मिळत नाही. मॉरिट्सची खरी करामत त्यानंतरची आणि ती दिसायला अगदी कंटाळवाणी आहे. त्याचा गुरू होता सायमन स्टेव्हिन, दशांश अपूर्णांक युरोपात रुळवणारा गणिती. वेढ्याचे खंदक कुठून काढायचे, तोफा कुठे ठेवायच्या, हे सगळं हिशेबानं व्हायला लागलं. आणि खंदक खणणार कोण? सैनिकच. शिपाईगडी हातात फावडं धरायला कमीपणा मानायचा. मॉरिट्सनं खणायचे वेगळे पैसे दिले. पगार वेळेवर दिला. त्या काळी पगार थकला की स्पेनची फौज बंड करून शहरं लुटायची, हे लक्षात घेतलं की या साध्या गोष्टीचं वजन कळतं.

डिसेंबर 1594 मध्ये त्याच्या चुलतभावानं, विलेम लोडेवाइकनं, त्याला एक पत्र लिहिलं. रोमन सैन्याविषयीच्या जुन्या ग्रंथांतून सुचलेली कल्पना आत आकृती काढून दाखवली होती. बंदूक भरायला वेळ लागतो. मग पहिल्या रांगेनं बार काढावा, वळून मागे जावं, तिथं बंदूक भरावी. तोवर दुसरी रांग, मग तिसरी. बार थांबायचाच नाही. पण भर लढाईत हे जमायचं तर हातांना सवय हवी. म्हणून रोज कवायत. 1607 साली छापलेल्या त्यांच्या कवायतीच्या पुस्तकात एकट्या मस्केट बंदुकीच्या 43 स्थिती आहेत, एकेका चित्रात एकेक हालचाल.

झुटफेन, डेव्हेंटर, नायमेखेन, स्टेनवाइक, ग्रोनिंगेन... दहाएक वर्षांत शहरामागून शहर हाती आलं. मैदानी लढाई मात्र तो टाळायचा. 1600 साली ओल्डेनबार्नेव्हेल्टच्या आग्रहामुळे त्याला फ्लँडर्सच्या किनाऱ्यावर उतरावं लागलं. निउपोर्टच्या वाळूच्या टेकड्यांत तो जिंकला, पण हाती काही न लागता परत फिरला. इथून दोघांचं बिनसलं.

[पडद्यावर: हेगमधला बुरूज]

1608 च्या सप्टेंबरात तहाच्या बोलण्यांसाठी स्पेनचा सेनापती स्पिनोला हेगमध्ये आला होता. त्याच दिवसांत एका चष्मेवाल्यानं मॉरिट्सला एक नळी आणून दाखवली. तिच्यातून डेल्फ्टचं घड्याळ दिसत होतं. स्पिनोला म्हणाला म्हणे, आता मी सुरक्षित नाही, तुम्ही मला लांबूनच बघाल.

1609 मध्ये बारा वर्षांचा तह झाला. मॉरिट्सला तो नको होता. लढाई थांबली आणि घरात भांडण पेटलं, तेही देवानं माणसाचं नशीब आधीच ठरवलंय का यावरून. मॉरिट्सची आख्यायिका अशी की हे नशीब निळं असतं की हिरवं, मला ठाऊक नाही, असं तो म्हणायचा. पण पक्ष त्यानं निवडला, कडव्यांचा. ओल्डेनबार्नेव्हेल्ट दुसऱ्या बाजूला होता. शहरांनी स्वतःचे शिपाई ठेवायला सुरुवात केली, तेव्हा त्यानं ते मोडून काढले आणि ऑगस्ट 1618 मध्ये ओल्डेनबार्नेव्हेल्टला पकडलं. त्याला मृत्युदंड ठोठावला गेला. त्याच्या घरच्यांनी माफी मागितली नाही; मागितली असती तर गुन्हा कबूल केल्यासारखं झालं असतं. 13 मे 1619 ला 71 वर्षांचा म्हातारा काठी टेकत वधस्तंभाकडे चालत गेला.

मॉरिट्स एक शब्द बोलला असता तर ते डोकं वाचलं असतं. तो बोलला नाही. मला तरी याचं समर्थन सापडत नाही.

[पडद्यावर: ब्रेडाभोवतीचे खंदक]

तह संपला. 1624 मध्ये स्पिनोलानं ब्रेडाला वेढा घातला. हल्ला केलाच नाही. शहराभोवती खंदक खणले, बांध घातले आणि उपासमारीची वाट पाहत बसला. फावडं आता त्याच्या हातात होतं. 23 एप्रिल 1625 ला मॉरिट्स हेगमध्ये वारला, वय 57. जूनमध्ये ब्रेडा पडलं.

पीटची ती होडी पस्तीस वर्षं किल्ल्यात विजयाची खूण म्हणून जपून ठेवली होती. स्पेनच्या सैनिकांनी ती जाळून टाकली.