डिस्क किती दिवसांसाठी द्यायची?

आपल्यापैकी बहुतेक ग्रंथपालांच्या कॉलेजात इश्यू काउंटरमागे एक कुलूपबंद कपाट आहे. त्यात सीडी, डीव्हीडी आणि तळाशी बुरशी धरलेल्या व्हीएचएस कॅसेट. पुस्तक पंधरा दिवस, पण डिस्क मागितली की उत्तर ठरलेलं, ‘एक रात्र. उद्या दहाला परत.’ मीही कित्येक वर्षं हेच सांगत आले.

कारण विचारलं तर आपण म्हणतो, सिनेमा दोन तासांचा, मग एक रात्र पुरे. हा हिशेब आपण पुस्तकाला लावत नाही. नव्वद पानांचं नाटक आहे म्हणून कुणी ते एका संध्याकाळपुरतं देत नाही. मला वाटतं, ही सवय आपण व्हिडिओ कॅसेटच्या दुकानातून उचलली. तिथे दिवसावर भाडं असायचं. कॅसेट जितकी फिरेल तितका गल्ला. आपल्याकडे गल्ला कुठे आहे?

आमच्याकडे संगीत विषय घेतलेल्या एका मुलीनं मालकंस रागाची सीडी तीन आठवड्यांत नऊ वेळा नेली. दर वेळी सही, दर वेळी शिक्का. मी वैतागून विचारलं, ‘अगं, एवढं काय ऐकतेस?’ ती म्हणाली, ‘मॅडम, अजून विलंबितच बसवतेय.’ विलंबित म्हणजे संथ लयीतला भाग. सिनेमावर पेपर लिहिणारा मुलगाही दोन तास सलग बघत नाही. तीन मिनिटांचा प्रसंग मागे-पुढे करत चार दिवस काढतो. म्हणून मुदत वापरावरून ठरवा. कोहामध्ये, म्हणजे देवघेव सांभाळणाऱ्या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये, नियमांचा तक्ता असतो, वाचक कोण आणि वस्तू कुठल्या प्रकारची यावर. तिथे ‘डीव्हीडी’ असा एकच प्रकार करू नका. वर्गात लावलेली, एकच प्रत आणि साठ मुलं असतील, तर खुशाल तीन तास ठेवा. कोहा तासांतही मुदत घेतं. रियाजाची, भाषा शिकण्याची ध्वनिफीत मात्र महिनाभर जाऊ द्या.

कुणी कॉपीराइटचं नाव काढेल. 2012च्या दुरुस्तीनं कायद्यात ‘व्यावसायिक भाड्या’ची व्याख्या आली. कायदेशीरपणे घेतलेली सीडी किंवा चित्रपटाची प्रत नफा न कमावणाऱ्या ग्रंथालयानं वा शिक्षणसंस्थेनं ना-नफा हेतूनं वाचकाला दिली, तर ते त्या व्याख्येत बसत नाही. तेव्हा डिस्क घरी देण्याला कायद्याचा अडसर सांगू नका. घरी नेऊन तिची नक्कल करणं हा वेगळा मुद्दा.

ओरखड्यांची भीती खरी आहे, पण जरा डिस्क हातात घेऊन बघा. सीडीत माहितीचा थर चकचकीत बाजूला नसतो. तो लेबलाच्या अगदी खाली, पातळशा लेपाखाली असतो. आणि त्याच लेबलावर आपण बॉलपेन दाबून दाखल क्रमांक लिहितो! पहिला ओरखडा ग्रंथालयाचा, दंड मात्र विद्यार्थ्याला. क्रमांक मधल्या पारदर्शक कड्यावर, डिस्कसाठीच्या मऊ टोकाच्या मार्करनं लिहा. पुसताना मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. माहिती गोल फिरत जाणाऱ्या रेघेत असते. ओरखडा त्या रेघेच्या दिशेनं लांबवर गेला की प्लेअरमधली चुका दुरुस्त करणारी यंत्रणा हरते. आडवा गेला तर बहुधा सावरून घेते.

स्ट्रीमिंगचं थोडक्यात सांगते. तिथे मुदत आपण ठरवत नाही, करार ठरवतो. परवाना संपला की शीर्षक कॅटलॉगमधून गायब, म्हणून हातातल्या डिस्क रद्दीत काढायची घाई करू नका.

राहिला प्रश्न लावायची कशावर. नव्या लॅपटॉपना ड्राइव्ह नसतो. आम्ही यूएसबीवर चालणारे चार ड्राइव्ह घेतले, बारकोड लावले आणि पुस्तकांसारखे द्यायला लागलो. पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. डिस्कला सात दिवस आणि ड्राइव्हला दोन, अशी मुदत मीच कोहात भरली होती. तिसऱ्या दिवशी एक मुलगा ड्राइव्ह परत करायला आला आणि विचारता झाला, ‘मॅडम, उरलेले चार दिवस डिस्क नुसती बघत बसू का?’