आधी ट्रायलच्या बाहेर ठेवलं, मग म्हणाले तुम्ही सिगारेट सोडू नका

आवाज येतोय ना मागे? हां. तर विषय व्यसनांचा दिलाय पण मी सिगारेट आणि डिप्रेशन या जोडीवरच बोलणार आहे, कारण माझी संशोधनातली बरीच वर्षं त्यातच गेलीत.

ब्युप्रोपिऑन नावाची गोळी आहे, मूळची डिप्रेशनची. अमेरिकेत १९८५ला मंजूर झाली, मग फिट्स येतायत म्हणून मागे घेतली, १९८९ला परत आली. ती घेणारे काही माजी सैनिक सिगारेट सोडताना दिसले, आणि हे नेमकं हेरलं लिंडा फेरी नावाच्या डॉक्टरांनी. त्यातून पुढे १९९७ची मोठी ट्रायल, म्हंजे माणसांवर औषधाची चाचणी आली, ६१५ जणांची. सात आठवडे औषध, शेवटी ३०० मिलिग्रॅमवाल्यांपैकी ४४.२ टक्के सिगारेटपासून लांब आणि प्लासिबोवाले, म्हंजे औषध नसलेली नुसती दिसायला तशी गोळी घेणारे, १९ टक्के. भारी वाटतं ना? आता वर्षानंतरचं बघा, २३.१ आणि १२.४. फायदा टिकला, पण गोळीवालेसुद्धा चारातले तीन परत ओढत होते. हा आकडा औषधाच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात कुणी छापत नाही.

आणि हे "सोडली" कुणी ठरवलं? तर मशीनने. सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू श्वासात किती आहे ते मोजणारा मीटर असतो हातात मावेल एवढा, श्वास भरून घ्यायचा, पंधरा सेकंद धरून ठेवायचा, मग सावकाश फुंकायचं. त्या ट्रायलमध्ये १० किंवा कमी आलं तर पास. मी हा मीटर शेकडो लोकांसमोर धरलाय. एक काका "एकपण नाही ओढली" म्हणत फुंकतायत आणि स्क्रीनवर सात, अकरा, सोळा, आकडा चढतोय, दोघं गप्प बसून बघतोय, शेवटी तेच म्हणाले, "सकाळची एक पण धरतात का?" धरतात! पण परवा ओढलेली त्या मीटरला कळत नाही हेही खरं, वायू तोवर रक्तातून निघून गेलेला असतो.

आता मुद्दा. डिप्रेशनच्या गोळीची ही ट्रायल, आणि त्या वेळी डिप्रेशन चालू असलेल्यांना तिच्यात प्रवेशच नव्हता. पूर्वी होऊन गेलेलं चालेल, चालू असलेलं नको. याला कारण आहे बरं का, मूड सुधारला म्हणून सिगारेट सुटली की औषध थेट निकोटिनच्या ओढीवर चाललं हे वेगळं काढायचं असेल तर असंच करावं लागतं. संशोधक म्हणून मला पटतं. पण अशा ट्रायल्स एकावर एक रचत गेलात की ज्यांना सगळ्यात जास्त गरज त्यांच्याबद्दल तुमच्याकडे माहितीच नसते, मग ओपीडीत काय होतं, तर डॉक्टर पेशंटला म्हणतात आत्ता नको सोडू, तेवढाच तुला आधार आहे. हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, एकदा नाही.

आधार कसला? निकोटिनची रक्तातली पातळी साधारण दोन तासांत अर्ध्यावर येते, चिडचिड होते, उदास वाटतं, लक्ष लागत नाही, मग एक ओढली की बरं वाटतं. म्हंजे सिगारेटनेच केलेला खड्डा सिगारेट बुजवते आणि श्रेयही घेते! २०१४ साली २६ अभ्यास एकत्र करून बघितलं तर सोडलेल्यांचं डिप्रेशन, अँग्झायटी, स्ट्रेस हे सगळं ओढत राहिलेल्यांपेक्षा कमी झालेलं दिसलं. अर्थात मूड सुधारला म्हणून सोडता आली असंही असू शकतं, असल्या अभ्यासातून तेवढं ठाम सांगता येत नाही.

मग २०१६ला ईगल्स ट्रायल आली. व्हॅरेनिक्लिन ही सिगारेट सोडायची दुसरी गोळी, तिच्यावर अमेरिकेत २००९पासून मानसिक त्रासाबद्दल ठळक इशारा होता, तो खरा की खोटा ते बघायला ८,००० च्या वर लोक, आणि त्यातले निम्मे मानसिक आजारवाले, मुद्दाम आत घेतलेले! व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन दोन्हींनी निकोटिनचा पॅच (त्वचेवर लावायची पट्टी) किंवा प्लासिबोपेक्षा मानसिक त्रास लक्षात येण्याइतका वाढला नाही, आणि त्याच वर्षी तो इशारा काढून टाकला. मानसिक आजारवाल्यांत सुटण्याचं प्रमाण थोडं कमी होतं, पण औषधाने फायदा त्यांनाही झाला. फक्त हे सगळे आजार आटोक्यात असलेले होते, काल रात्री ॲडमिट झालेला माणूस त्यात नाही, तो अजूनही बाहेरच.

अजून एक, हे घरी जाऊन सांगा. सिगारेटच्या धुराने लिव्हरमधलं एक एन्झाइम जास्त काम करतं, निकोटिनने नाही, धुराने. त्यामुळे क्लोझापिन, ओलान्झापिन अशी स्किझोफ्रेनियासारख्या आजारांवरची औषधं भराभर संपतात आणि डोस त्या हिशोबाने वर गेलेला असतो. सिगारेट बंद झाली की तोच डोस अंगावर येतो, माणूस सुस्त होतो, झोपूनच राहतो, आणि घरचे म्हणतात बघा, सोडल्यापासून बिघडला. तेव्हा सोडायची तारीख ठरली की आधी सायकियाट्रिस्टला फोन करायचा, डोस ते ठरवतील, आपल्या मनाने गोळी कमी करायची नाही.

हं, विचारा आता. ते मागचे काका मघापासून हात वर करून बसलेत.