कोच निवृत्त होतोय? नावाआधी तारीख ठरवा

[थेट कॅमेऱ्याकडे]

नमस्कार मंडळी. 9 ऑक्टोबर 1997. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे बास्केटबॉल कोच डीन स्मिथ निवृत्त झाले. 36 मोसम, 879 विजय. पण विजय सोडा, महिना बघा. ऑक्टोबर! मोसम तोंडावर आलेला. अशा वेळी दुसऱ्या कॉलेजचा चांगला कोच आपला संघ अर्ध्यावर टाकून येत नाही. मग उरतं कोण? 30 वर्षं स्मिथ यांच्या शेजारी बसलेले सहाय्यक बिल गथ्रिज. समितीची बैठक व्हायच्या आधीच कॅलेंडरनं माणूस निवडला होता.

आणि निवड चुकली नाही. पहिल्याच मोसमात 34 विजय, 4 पराभव. तीन वर्षांत दोनदा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चौघांत. खरा घोळ त्यानंतर झाला, त्याकडे येतोच.

वारस शोधायचा म्हटलं की सगळे नावांची यादी करायला बसतात. पहिला प्रश्न वेगळा आहे: जुना कोच जाणार कधी, आणि जाताना हातात काय देऊन जाणार?

हे एवढं महत्त्वाचं का, तर कॉलेजचा कोच म्हणजे नुसता शिकवणारा मास्तर नाही. आपल्याकडच्यासारखी वेगळी निवड समिती तिथं नसते. कोच स्वतः शाळेतली पोरं हेरतो, त्यांच्या घरी जातो, आईवडिलांना शब्द देतो. तो गेला की शब्द देणाराच गेला. पूर्वी पोरं तरीही थांबायची, कारण कॉलेज बदललं तर सहसा एक वर्ष बाकावर बसावं लागायचं. 2018 मध्ये ट्रान्सफर पोर्टल आलं, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी, 2021 मध्ये एकदा बदली मोकळी झाली, 2024 मध्ये कितीही वेळा. शिवाय मुख्य कोच बदलला की खेळाडूंना बदलीसाठी खास मुदत मिळते. ती पूर्वी 30 दिवसांची होती, आता आणखी आखूड आहे. थोडक्यात, कोच बदलला की घड्याळ सुरू.

[पडद्यावर: ड्यूक, 2 जून 2021]

आता चांगलं कसं करतात ते बघू. ड्यूक विद्यापीठ. माइक शशेफ्स्की, सगळ्यांचे 'कोच के'. 1980 पासून तिथं, पाच राष्ट्रीय विजेतेपदं. त्यांनी जून 2021 मध्ये जाहीर केलं की पुढचा मोसम शेवटचा, आणि त्याच वेळी वारसाचं नाव सांगितलं: जॉन शायर. 2010 च्या विजेत्या संघातला खेळाडू, नंतर सहाय्यक. मुख्य कोच म्हणून अनुभव शून्य.

जून का? कारण एप्रिल-मेमधली खेळाडूंची पळापळ उरकलेली असते आणि पुढच्या वर्षीच्या भरतीचा खरा उन्हाळा सुरू होत असतो. त्या वर्षभरात पुढच्या तुकडीची भरती शायरच्या हाती राहिली. पोरं येणार ती शायरकडे खेळायला, मग शब्द शायरनंच द्यायचा. 2022 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए या व्यावसायिक लीगच्या खेळाडू निवडीत, ड्यूकचे पाच खेळाडू गेले, पाओलो बँकेरो तर पहिल्या क्रमांकावर. संघ जवळपास रिकामा. पण शायरनं आधीच जमवलेली तुकडी दारात उभी होती. पहिल्या वर्षी 27 विजय, 9 पराभव आणि एसीसी, म्हणजे ड्यूक ज्या गटात खेळतं त्या गटाच्या स्पर्धेचं विजेतेपद. 2025 मध्ये अंतिम चौघांत.

याच्या उलट व्हिलानोव्हा. जे राइट, 2016 आणि 2018 चे विजेते. एप्रिल 2022 च्या सुरुवातीला अंतिम चौघांत खेळले आणि 20 एप्रिलला निवृत्त झाले. पोर्टल तेव्हा भरात होतं. विद्यापीठानं लगेच त्यांचेच जुने सहाय्यक काइल नेप्च्यून यांना बोलावलं. फोर्डममध्ये मुख्य कोच म्हणून त्यांनी एकच वर्ष काढलं होतं, 16 विजय, 16 पराभव. म्हणजे कागदावर अनुभव शायरपेक्षा जास्तच! पुढची तीन वर्षं 54 विजय, 47 पराभव, राष्ट्रीय स्पर्धेत एकदाही नाही, मार्च 2025 मध्ये गच्छंती. सगळा दोष तारखेचा नाही, ड्यूकची ओढ आणि पैसा वेगळाच आहे. पण एकाला तयारीला वर्ष मिळालं, दुसऱ्याला काही दिवस.

मग सगळ्यांनी वारस आधीच जाहीर करावा का? थांबा. त्याला एक मोठं भोक आहे.

सिरॅक्यूज विद्यापीठ. 2015 मध्ये ठरलं की कोच जिम बोहाइम तीन वर्षांत थांबणार, वारस माइक हॉपकिन्स. 2017 मध्ये हॉपकिन्स वॉशिंग्टन विद्यापीठात निघून गेले. बोहाइम मग थेट 2023 पर्यंत गादीवर! वारसाला हातात नुसती उपाधी दिलीत, तर तो दुसरी खरी नोकरी मिळताच जाणार. म्हणून करारात तीन गोष्टी हव्यात. हस्तांतराची पक्की तारीख. ती टळली तर वारसाला ठरलेली रक्कम. आणि तारीख टळल्यावर कुठलाही दंड न भरता बाहेर पडायची मोकळीक. पहिली गोष्ट म्हाताऱ्या कोचला आवडत नाही. तरीही लिहून घ्या.

मुदतीचा नीट हिशेब बघायचा तर पर्ड्यू विद्यापीठ. कोच जीन कीडी 1980 पासून तिथं. 2004 मध्ये त्यांचाच जुना खेळाडू मॅट पेंटर याला सदर्न इलिनॉयमधून आणलं, एक वर्ष सहाय्यक, 2005 मध्ये मुख्य कोच. एकच वर्ष, आणि तारीख पाळली.

[पडद्यावर: बाहेरचा माणूस आणायचा असेल तर]

बाहेरचा आणायचा असेल तर काम क्रीडा संचालकाचं. जुना कोच कितीही धडधाकट असला, तरी चार-पाच नावांची चिठ्ठी कायम खिशात असावी. पहिला फोन हव्या असलेल्या कोचला करायचा नाही, त्याच्या एजंटला करायचा, तोही बहुतेक वेळा उमेदवार शोधून देणाऱ्या संस्थेमार्फत, म्हणजे नकार आला तर "आम्ही विचारलंच नव्हतं" म्हणता येतं. मग त्याचा सध्याचा करार वाचायचा. सोडून जाताना किती भरपाई द्यावी लागते आणि ती रक्कम कुठल्या तारखेनंतर उतरते? काही करारांत आठवडाभर थांबलं तर मोठी रक्कम वाचते. पण त्या आठवड्यात तुमचे दोन चांगले खेळाडू गेले, तर वाचवलं काय?

आणि हल्ली चांगला उमेदवार स्वतःच्या पगाराआधी विचारतो, खेळाडूंसाठी किती? 1 जुलै 2025 पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा सगळ्या खेळांना मिळून सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर. त्यातला मोठा घास सहसा अमेरिकन फुटबॉल खातं. बास्केटबॉलचा वाटा आणि सहाय्यकांच्या पगाराची एकूण रक्कम, दोन्ही आकडे लेखी द्या. तोंडी आकडा जुलैपर्यंत वितळतो.

आता नॉर्थ कॅरोलिनाचा तो घोळ. गथ्रिज 2000 मध्ये थांबले. स्मिथ यांचे जुने सहाय्यक रॉय विल्यम्स कॅन्सस विद्यापीठ सोडायला तयार झाले नाहीत. मग माजी खेळाडू मॅट डोहर्टी आले, आणि येताना नोट्र डेम विद्यापीठातले आपले सहाय्यक घेऊन आले. जुन्या मंडळींना जावं लागलं. नव्या कोचला आपली माणसं हवी असणार, त्यात गैर काही नाही. पण खेळाडूंची रोजची ओळख, माजी खेळाडूंचा गोतावळा, हे सगळं त्या जुन्या सहाय्यकांकडे असतं. पहिलं वर्ष छान गेलं, दुसऱ्या वर्षी 8 विजय आणि 20 पराभव. 2003 मध्ये डोहर्टी गेले, विल्यम्स आले, 2005 मध्ये विजेतेपद. म्हणून एक तरी जुना सहाय्यक ठेवा, निदान पहिली भरती उरकेपर्यंत.

निवृत्त कोचचं काय? त्याला मान द्या, देणग्या गोळा करायचं काम द्या, पण खोली सरावाच्या इमारतीत देऊ नका. खेळाडू रुसला की तो जुन्या दाराशी जाणारच.

राहिला धीर. जॉन वुडन यांनी लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाला 10 विजेतेपदं दिली. त्यांच्यानंतर आलेले जीन बार्टो दोन वर्षांत 52 जिंकले, 9 हरले, पहिल्याच वर्षी अंतिम चौघांत पोचले. तरी टीका थांबेना, आणि 1977 मध्ये ते अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅममध्ये नवा संघ उभा करायला निघून गेले. मिशिगन स्टेटच्या टॉम इझोची पहिली दोन वर्षं 16-16 आणि 17-12, दोन्ही वर्षी राष्ट्रीय स्पर्धेबाहेर. पेंटरचं पहिलं वर्ष तर 9-19. इझो 2000 मध्ये विजेता झाला. पेंटरला अंतिम सामना गाठायला 2024 उजाडलं.