वेण्णा तलावाकाठी निवांत एक दिवस

श्रोतेहो, नमस्कार. महाबळेश्वरला जायचं ठरलं की घरातून निघण्याआधीच पॉइंटांची यादी तयार होते, आणि निम्मा दिवस गाडी लावायला जागा शोधण्यात जातो. आपण आज ती यादी बाजूला ठेवू. सोबतीला एक मित्र किंवा मैत्रीण, आणि वेण्णा तलावापासून चार-पाच किलोमीटरच्या आतलं महाबळेश्वर. एका दिवसाला एवढं भरपूर आहे.

साताऱ्याहून मेढा-केळघरमार्गे साधारण 55 ते 60 किलोमीटर पडतात. वाईवरून पसरणी घाट चढून पाचगणीमार्गे गेलं, तर अंतर थोडं वाढतं, पण तलाव गावाच्या आधीच रस्त्याला लागून येतो. पावसाळ्यात घाटात दरडी कोसळतात, तेव्हा रस्ता सुरू आहे का हे विचारूनच निघा. शनिवार-रविवार मात्र टाळाच. तलावाजवळचा रस्ता अरुंद आहे, त्यात घोडे, खाण्याचे गाळे आणि कडेला लावलेल्या गाड्या. दुपारनंतर तिथे वाहनांच्या रांगा लागतात. सकाळी लवकर पोहोचलात, तर तेच ठिकाण शांत मिळतं.

हा तलाव नैसर्गिक नाही. साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी 1842 साली गावाला पाणी मिळावं म्हणून तो बांधून घेतला. महाबळेश्वरचा माथा जांभ्या दगडाचा, सच्छिद्र. तो पाऊस जिरवून घेतो आणि पुढे झऱ्यांवाटे हळूहळू सोडतो. तलाव भरला की पाणी वेण्णा नदीने लिंगमळ्याच्या कड्यावरून खाली झेपावतं, मेढ्यावरून कण्हेर धरणात येतं आणि शेवटी आपल्या संगम माहुलीला कृष्णेत मिसळतं. म्हणून काठावर बसून खाल्लेल्या कणसाचं बुरकूंड पाण्यात टाकू नका. खालच्या अंगाला आपलीच माणसं राहतात.

डिसेंबर-जानेवारीत जात असाल, तर पहाटेच काठावर या. निरभ्र रात्री जमिनीतली ऊब झपाट्याने निघून जाते आणि जड, गार हवा उतरत उतरत या खोलगट भागात साठते. त्यामुळे गावापेक्षा इथला पारा काही अंशांनी खाली असतो. थंडी कडक असेल, तर गवतावर, गाड्यांच्या टपांवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर दवबिंदू गोठून पांढरा थर दिसतो. रात्री वारा किंवा ढग असले, तर हे घडत नाही. ऊन वर आलं की थर विरघळतो, त्यामुळे आधी झोप काढून मग जाऊ म्हणणाऱ्यांना काहीच दिसत नाही.

नौकाविहारही सकाळीच करावा, कारण तेव्हा वारा पडलेला असतो. तिकीट घेण्याआधी फलकावरचा दर आणि वेळ दोन्ही वाचा. वल्ह्यांची नाव घेतलीत, तर चढताना पाय कडेवर न ठेवता मधोमध ठेवा आणि एकेकाने बसा. दोघं एकाच बाजूला आले की नाव कलते. वल्हवणाऱ्याची पाठ जायच्या दिशेला असते, त्यामुळे समोर बसलेल्याने दिशा सांगायची. नवख्याची नाव गोल फिरते, कारण उजवा हात नकळत जास्त ओढतो. त्या वेळी दोन्ही वल्ही उचला, नाव स्थिर होऊ द्या आणि वल्ह्यांचे छोटे, सारखे हात मारा. पायडलची बोट सोपी वाटते, पण ती उंच असल्याने वाऱ्याने ढकलली जाते. म्हणून सुरुवात वाऱ्याच्या विरुद्ध करा. परतताना पाय थकलेले असतात, तेव्हा वारा मदतीला येतो. जीवरक्षक जॅकेटचे सगळे पट्टे आवळा. ते सैल राहिलं, तर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि माणूस खाली राहतो. जागा मात्र काठावर आल्यावरच बदला.

मग भूक लागतेच. काठावर भाजलेलं कणीस, मक्याचं पॅटिस आणि हंगामात क्रीम घातलेली स्ट्रॉबेरी मिळते. पॅटिस समोर तळून घ्या, आधीच तळून ठेवलेलं लगेच मऊ पडतं. इथली बुटकी, लालसर गाजरं नुसती खायला गोड लागतात, ती विसरू नका.

दुपारी लिंगमळा धबधबा. पाणी पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत असतं; उन्हाळ्यात कोरडा कडा पाहावा लागतो, म्हणून तेव्हा जाऊ नये असं माझं मत. शेवाळलेल्या दगडांवर गुळगुळीत तळव्याची चप्पल चालत नाही, आणि माकडं हातातली पिशवी सहज ओढून नेतात.

सूर्यास्ताला गर्दी बॉम्बे पॉइंटकडे वळते. तीच वेळ बाजारात फिरायला बरी. फुटाणे, चामड्याच्या चपला आणि मध घेताना दुकानदाराशी दोन शब्द बोलावेत. याच तालुक्यातलं मांघर 2022 साली देशातलं पहिलं मधाचं गाव ठरलं. जांभळाचा मध गडद आणि किंचित कडवट असतो, ती त्याची मूळ चव आहे. मध थंडीत दाणेदार झाला, तर भेसळ समजू नका. त्यातल्या ग्लुकोजचे स्फटिक होतात. बरणी कोमट पाण्यात ठेवली की तो पुन्हा पातळ होतो.

स्ट्रॉबेरी साधारण डिसेंबर ते मार्च चांगली मिळते. 2010 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. घेताना डबा उलटा करून तळ बघा. वरचं फळ टपोरं असतं, दबून पाणी सुटलेलं तळाशी असतं. देठाजवळ पांढरं असलेलं फळ घेऊ नका. तोडल्यावर स्ट्रॉबेरीचा रंग थोडा गडद होतो, पण गोडी वाढत नाही. घाट उतरताना डबा डिकीत न ठेवता मांडीवर घ्या. घरी आल्यावर न धुता, देठासकट, एका थरात पसरून फ्रीजमध्ये ठेवा, एखादं नासलेलं फळ दिसलं तर लगेच बाजूला काढा, आणि खाण्याच्या वेळीच धुवून दोन दिवसांत संपवा.