सही करणाऱ्याला ‘नाही’ म्हणता यायला हवं

नमस्कार मंडळी. आपल्या नाशिकजवळच्या ओझरचा एचएएलचा विमान कारखाना १९६४ चा, आधी मिग, मग सुखोई, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथूनच तेजस मार्क १ए उडालं, आपल्याला अभिमान आहेच. पण ४ जून २०२४ ला निफाडच्या शिरसगावात सुखोई पडलं तेही आपल्याच शिवारात, दोन्ही वैमानिक वेळेत बाहेर पडले म्हणून वाचले. त्यामुळे लष्करी विमानाला ‘उड’ म्हणून परवानगी कोण देतं, हे आपण विचारायलाच पाहिजे.

डीजीसीए नाही देत, ते प्रवासी विमानांचं. लष्करी विमानाचं डिझाइन उडण्यायोग्य आहे का हे सेमिलॅक ही सरकारी संस्था तपासते, बनवताना क्वालिटी संरक्षण खात्याचं डीजीएक्यूए बघतं, आणि पुढे एकेका पार्टचे कागद, लॉगबुक, सह्या. लोक याला कागदी घोडे म्हणतात, मला ते पटत नाही, कारण कुठला पार्ट कधी बसला, किती तास उडाला हे लिहिलंच नसेल तर दोष सापडल्यावर बाकीच्या विमानांत तो शोधणार कुठे?

कागद घात करतो तो वेगळ्याच ठिकाणी. ब्रिटिश हवाई दलाचं निमरॉड हे टेहळणी विमान २ सप्टेंबर २००६ ला कंदाहारजवळ पेटून पडलं, १४ जण गेले. हवेत इंधन भरल्यावर इंधन बाहेर आलं आणि गरम पाइपापर्यंत पोचलं. आता बघा, या विमानाच्या धोक्यांची मोठी फाइल आधीच तयार झालेली होती, पण विमान तीसेक वर्षं उडतंय म्हणजे सेफच आहे असं धरून ती भरली गेली, कितीतरी धोके तपासायचेच राहिले, तरी सह्या झाल्या. २००९ च्या हॅडन-केव्ह चौकशी अहवालाने हे सगळं उघड केलं आणि २०१० मध्ये तिकडे लष्करी विमानांसाठी वेगळी नियामक संस्था उभी राहिली.

आपलं सेमिलॅक मात्र डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्याच छत्राखाली आहे, म्हणजे जे घर विमानं डिझाइन करतं त्याच घरात तपासणारा बसतो. तिथली माणसं प्रामाणिक असतील, असतातच, पण ‘हे अजून तयार नाही’ असं आपल्याच वरिष्ठांना सांगणं सोपं नसतं हो. म्हणून मला वाटतं ही संस्था वेगळी काढावी, आणि खाली हँगरमध्ये सुद्धा, ज्या टेक्निशियनने सही रोखली त्याला डिलिव्हरीची तारीख हुकल्याचा जाब कुणी विचारायचा नाही, हे नियमात लेखी यावं.