पन्नास अधिक पन्नास

[दृश्य: प्रयोगशाळेतलं टेबल. दोन मोजपात्रं शेजारी शेजारी.]

एका मोजपात्रात 50 मिली पाणी. दुसऱ्यात 50 मिली शुद्ध इथेनॉल, म्हणजे अल्कोहोल. आता दोन्ही एकत्र ओतू. एक थेंबही सांडला नाही, तरी पातळी बघा. 100 नाही, साधारण 96. वजन मात्र जेवढ्यास तेवढंच. आणि पात्राला हात लावला तर ते कोमट लागतं.

हे पुष्कळदा हरभरे आणि मोहरीनं समजावतात. हरभऱ्यांच्या फटींत मोहरी जाऊन बसते, तसंच हे. मला हे उत्तर अपुरं वाटतं. मोहरी ओतल्यानं हरभरे कधी गरम होत नाहीत.

[दृश्य: ॲनिमेशन. पाण्याचे रेणू, मग इथेनॉलचे.]

पाण्याचा रेणू साधारण चार शेजाऱ्यांना हायड्रोजन बंधांनी धरून असतो. चार दिशांना चार हात ताणलेले, त्यामुळे मधे जागा मोकळी राहते. बर्फात ती आणखी वाढते, म्हणून तर बर्फ तरंगतो. इथेनॉलच्या रेणूचं एक टोक ऑक्सिजन-हायड्रोजनचं, पाण्याच्याच गोत्राचं. ते पाण्याचा हात धरतं. उरलेलं कार्बनचं शेपूट मात्र पाण्याशी बंध जोडत नाही. ते त्या मोकळ्या जागेत सामावतं. सगळेच जवळ येतात, घट्ट बसतात. त्यात सुटलेली ऊर्जा म्हणजे आपल्या हाताला लागलेली ऊब.

मग दोघं अगदी एकजीव झाले का? डोळ्यांना तसंच दिसतं. पण 2002 मध्ये ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी इथेनॉलचा धाकटा भाऊ, मिथेनॉल, पाण्यात मिसळून न्यूट्रॉनच्या साह्यानं तपासला. मिथेनॉलच्या गर्दीतही पाण्याचे रेणू छोट्या माळा आणि पुंजके करून होते. लाखोंच्या वारीत प्रत्येक दिंडी आपापली एकत्र चालते ना, तसे!

[दृश्य: साखर कारखान्याची डिस्टिलरी, उंच स्तंभ.]

पाणी 100 अंशांना उकळतं, इथेनॉल 78.4 ला. तरी साध्या ऊर्ध्वपातनानं, म्हणजे मिश्रण उकळून त्याची वाफ पुन्हा थंड केल्यानं, इथेनॉल वजनाच्या 95.6 टक्क्यांपुढे जात नाही; तिथे द्रवात जे प्रमाण, तेच वाफेत. पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल मात्र जवळपास कोरडंच लागतं. म्हणून ही वाफ झिओलाइट नावाच्या सच्छिद्र पदार्थाच्या मण्यांतून सोडतात. मण्यांची छिद्रं सुमारे 3 अँगस्ट्रॉमची. एका मीटरचे हजार कोटी भाग केले, तर त्यातले तीन. पाण्याचा रेणू तेवढ्यातून आत शिरतो आणि अडकतो. इथेनॉलचा रेणू मोठा, तो मण्यांना वळसा घालून पुढच्या टाकीकडे निघून जातो.